हौशी नाविक आणि कर्णधाराची सनद

कोपर स्थानकाच्या वरच्या फलाटावरून वसईकडे जाणारी गाडी सुटली की थोड्याच वेळात ती उल्हासच्या खाडीवरील पुलावर येते. डब्यात बसलेली माणसे वर्तमानपत्रातून डोके वर काढतात. दाराशी उभे असलेले वाऱ्यासाठी थोडे पुढे सरकतात. खाली करड्या पाण्याचा रुंद पट्टा, दोन्ही काठांना तिवरांची झाडी आणि कोठे तरी एखादी होडी, एवढे दृश्य मिनिटभर दिसते व सरते. रोज हा पूल ओलांडणाऱ्या हजारो लोकांपैकी फारच थोड्यांच्या मनात असे येत असेल, की ज्याला आपण ओलांडण्याचा अडथळा समजतो, तो एके काळी या प्रांताचा राजरस्ता होता.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरप्रवासाच्या वर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. 1657 साली कल्याण व भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीच्या आश्रयाने आपल्या आरमाराचा पाया घातला. पुढे आगगाडी आली आणि खाडीतली प्रवासी वाहतूक हळूहळू मागे पडली. आता 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने कल्याण, ठाणे व मुंबई यांना जोडणारा हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 म्हणून घोषित झाला आहे. याच मार्गाच्या मुखाशी, वसई व भाईंदर यांच्यामध्ये, 2024 साली वाहने व माणसे नेणारी बोट सुरू झाली. म्हणजे खाडीकडे पुन्हा रस्ता म्हणून पाहण्यास प्रारंभ झाला आहे.

रस्ता म्हटला की त्यावर वाहन आले, आणि वाहन आले की ते हाकणारा आला. मुंबईत 1846 साली स्थापन झालेल्या रॉयल बाँबे यॉट क्लबापासून शिडाच्या होड्यांचा शौक चालत आलेला आहे. आज सुटीच्या दिवशी शीड उभारून दोन तास वाऱ्यावर घालवणारे वकील, डॉक्टर, अभियंते आणि विद्यार्थी दिसतात. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी मनात कधी ना कधी हा विचार येतोच: इतकी वर्षे मी नाव हाकतो आहे, मग मला कर्णधाराची सनद का मिळू नये? हा प्रश्न वरवर एका छंदाचा दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले असता नौकानयनाच्या साऱ्या व्यवस्थेचे मर्म हाती लागते.

प्रथम शब्दांकडे पाहावे. संस्कृतात ‘कर्ण’ म्हणजे सुकाणू. ते धरणारा तो कर्णधार. आपल्या किनाऱ्यावर मात्र रोजच्या बोलण्यात तांडेल आणि सारंग हे शब्द चालतात. त्यांतील ‘सारंग’ हा फारसीतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ पथकाचा नायक असा आहे. इंग्रजी राज्यात नद्याखाड्यांतून वाफेच्या बोटी फिरू लागल्या, तेव्हा 1884 साली आणि पुन्हा 1917 साली त्यांच्यासाठी कायदे झाले. 1917 च्या कायद्यात बोट चालविणाऱ्यांच्या सनदांचे तीन वर्ग होते: पहिल्या वर्गाचा मास्टर, दुसऱ्या वर्गाचा मास्टर आणि सारंग. कोळ्यांच्या आणि खलाशांच्या तोंडचा एक शब्द अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला. हा कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला. 2021 साली संसदेने नवा अंतर्देशीय जलयान कायदा करून सर्व राज्यांसाठी नोंदणी, तपासणी, खलाशांची संख्या आणि त्यांची पात्रता यांचे एकच माप ठरविले. यंत्राने चालणाऱ्या बोटींना हे नियम पूर्णपणे लागू होतात. वल्ह्याच्या वा शिडाच्या साध्या होड्यांची व्यवस्था स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची तरतूद त्यात आहे. हे सारे झाले नद्या, खाड्या व त्यांसारख्या आतल्या पाण्यापुरते. खुल्या समुद्रावर जाणाऱ्या जहाजांच्या अधिकाऱ्यांच्या परीक्षा निराळ्या असून त्या केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याकडे असतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. जगातील निरनिराळ्या देशांनी हौशी नाविकाला निरनिराळी उत्तरे दिली आहेत. इंग्लंडमध्ये समुद्रात स्वतःच्या मौजेसाठी लहान नाव हाकणाऱ्याला कायद्याने कोणतीही सनद लागत नाही. तेथे 1875 साली स्थापन झालेली रॉयल यॉटिंग असोसिएशन ही संस्था शिकवणीचे वर्ग आणि परीक्षा चालविते, आणि लोक त्या आपखुशीने देतात. याउलट अमेरिकेत, भाडे देणारा एक जरी उतारू नावेत बसला, तरी चालविणाऱ्यापाशी तटरक्षक दलाची सनद असावीच लागते. सहापर्यंत उतारू नेण्याच्या सर्वांत लहान सनदेसाठी तेथे पाण्यावरील 360 दिवसांचा अनुभव मागतात आणि त्यातील 90 दिवस गेल्या तीन वर्षांतील असावे लागतात. लहान नावेच्या बाबतीत निदान चार तास नाव चालली तर तो एक दिवस धरतात. आणि येथेच हौशी माणसाला दार उघडे आहे: स्वतःच्या नावेवर मौजेखातर काढलेले दिवसही या हिशेबात धरले जातात. मालकीचा पुरावा जोडून ते दिवस त्याने स्वतःच्या सहीने लिहून द्यावयाचे असतात. सुटीच्या दिवशीच नाव काढणाऱ्या गृहस्थाला 360 दिवस जमविण्यास सात-आठ वर्षे सहज लागतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील एखाद्या तरुणाला ही वाट मोकळी आहे, मात्र सनदेसाठीच्या नागरिकत्वाच्या अटी त्याला आधी पाहाव्या लागतात.

आपल्याकडे सारंगाच्या सनदेची परंपरा मुख्यतः डेकवरील कामातून आली आहे. खलाशी म्हणून दोर ओढावा, नांगर टाकावा, सुकाणूवर पाळी द्यावी, आणि मग वय, शरीरप्रकृती व दृष्टी यांची तपासणी होऊन परीक्षेस बसावे, असा तो क्रम. महाराष्ट्रात हे काम पाहणारे महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड 1996 साली स्थापन झाले. हौशी माणसाने आपला अनुभव कितपत धरला जाईल हे प्रथम तेथेच विचारून घ्यावे. आणि उत्तर काहीही आले, तरी परीक्षेत जे विचारले जाते ते शिकल्याशिवाय पाण्यावर दुसऱ्याला नेऊ नये. कारण अनुभवाचे दिवस हा केवळ दाराशी दाखवावयाचा दाखला असतो. आत काय विचारतात, ते कोपरच्या पुलाखालून एक नाव नेऊन पाहिले म्हणजे चांगले कळेल.

पहिला प्रश्न भरतीओहोटीचा. मुंबईच्या किनाऱ्यावरील कोळी यासाठी पंचांगाचा उपयोग करीत आले आहेत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अजमासे निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन. भरती दिवसा तीनच्या सुमारास आणि पुन्हा रात्री तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, पौर्णिमेला व अमावास्येला सव्वा अकरा. याचे कारण सरळ आहे. चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, आणि पाऊण तास हे त्याच्या अगदी जवळचे सोपे माप आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाणी कमी चढते. परंतु हा हिशेब मुंबई बंदराचा झाला. कोपर समुद्रापासून बरेच आत आहे. उल्हासचे पाणी एका बाजूने घोडबंदरावरून वसईच्या मुखाशी मिळते व दुसरीकडे ठाण्याच्या अरुंद वाटेने मुंबईच्या बंदराशी जोडलेले आहे. समुद्रातील भरतीला इतक्या आत येण्यास वेळ लागतो. म्हणून जो मुंबईची वेळ पाहून कोपरला नाव सोडील, त्याचा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकेल.

दुसरा प्रश्न पुलाचा. भरतीला पाणी खोल होते, म्हणून नाव तळाला लागण्याचे भय जाते. पण त्याच वेळी पाणी पुलाच्या तुळयांकडे वर सरकते आणि डोलकाठीला वाव कमी राहतो. ओहोटीला वर वाव मिळतो, तर खाली गाळ आणि रेतीची भाटी जवळ येते. तेव्हा पुलाखालून जाण्याची योग्य वेळ भरतीचीही नव्हे आणि ओहोटीचीही नव्हे. ती आपल्या नावेची उंची आणि तिचा पाण्याखालचा भाग या दोन मापांवरून दर दिवशी नव्याने काढावयाची असते. नकाशावर दाखविलेली खोली आणि पुलाची उंची एकाच पातळीपासून मोजलेली नसते, हेही परीक्षार्थीला ठाऊक असावे लागते.

तिसरा प्रश्न प्रवाहाचा. समजा, नावेचा वेग ताशी पाच सागरी मैल आहे आणि ओहोटीचा ओढा ताशी दोन मैल आहे. सागरी मैल म्हणजे 1852 मीटर. सहा मैलांची मजल ओहोटीबरोबर एका तासाच्या आत संपते. तीच ओहोटीविरुद्ध परतताना दोन तास घेते. सकाळी मौजेने खाली गेलेल्या मंडळींना परत येण्यास जेवणाची वेळ टळून जाते आणि इंधनही दुपटीहून अधिक लागते. पाण्यावरील कित्येक फजित्यांचे मूळ वादळात नसून या साध्या त्रैराशिकात असते.

यानंतर येतो समोरून येणाऱ्या नावेचा प्रश्न. येथे शहरातील मोटार हाकणाऱ्याची सवय त्याच्या विरुद्ध जाते. आपल्या रस्त्यावर डावीकडून जाण्याचा नियम आहे. पाण्यावर तो उलट आहे. 1972 साली ठरून 1977 पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अरुंद वाटेत प्रत्येक नावेने आपल्या उजव्या काठाकडून जावयाचे. आणि दोन यंत्राच्या नावा समोरासमोर आल्या तर दोघींनीही उजवीकडे वळून डावी बाजू डावीकडे ठेवून निघून जावयाचे. घाबरलेल्या क्षणी माणूस विचार करीत नाही; त्याचा हात सवयीप्रमाणे वळतो. मोटारीच्या चाकाला सरावलेला हात अशा वेळी डावीकडे वळला, तर दोन नावा एकमेकींना चुकविण्याऐवजी एकमेकींकडे वळतात. पाण्यावरील अनेक तास हवेत ते याचसाठी, की नियम डोक्यातून हातात उतरावा.

रात्री हेच ज्ञान दिव्यांतून वाचावे लागते. नावेच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा, उजव्या अंगाला हिरवा, डोलकाठीवर पुढे आणि मागील टोकाला पांढरा. अंधारात उजव्या हाताला तांबडा दिवा दिसला, तर याचा अर्थ समोरील नावेची डावी बाजू आपल्याकडे आहे आणि ती उजवीकडून डावीकडे आपली वाट कापीत आहे. अशा वेळी वाट देण्याचे कर्तव्य आपले. डाव्या हाताला हिरवा दिसला, तर आपण आपला मार्ग व वेग कायम राखावयाचा, पण नजर ढळू द्यावयाची नाही. तांबडा आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ती नाव सरळ अंगावर येत आहे. ज्याला तांबडे व हिरवे यांतील भेद डोळ्याने कळत नाही, तो कितीही हुशार असला तरी ही परीक्षा त्याला पार करता येत नाही, याचे कारण आता ध्यानी येईल. भोंग्याचीही एक छोटी भाषा आहे. एक आखूड आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतो. दोन म्हणजे डावीकडे. तीन म्हणजे माझे यंत्र मागे चालले आहे. आणि पाच किंवा अधिक म्हणजे तुमचा बेत मला समजत नाही. वाटेच्या कडा दाखविणाऱ्या तरंगत्या खुणा, ज्यांना बोये म्हणतात, त्यांचेही रंग ठरलेले आहेत. समुद्रातून बंदरात शिरताना आपल्याकडे तांबडा बोया डाव्या हाताला असतो. अमेरिकेत तोच उजव्या हाताला असतो. एका देशाची सनद दुसऱ्या देशात जशीच्या तशी का चालत नाही, याचे हे एक लहानसे कारण.

येथपर्यंतचे सर्व पुस्तकातून आणि सरावातून येते. याच्याही पलीकडे एक गोष्ट आहे. आणि हौशी नाविक व सनदी कर्णधार यांच्यातील खरा भेद तेथे आहे. हौशी माणूस एकटा किंवा मित्रांसह जातो. बरोबर येणाऱ्याला धोका ठाऊक असतो, आणि तो त्याने आपखुशीने पत्करलेला असतो. परंतु तिकीट काढून बसलेली आजी, तिच्या मांडीवरील मूल आणि कामावर निघालेला कारकून यांनी धोका पत्करलेला नसतो. त्यांनी आपला विचार सुकाणू धरणाऱ्यावर सोपविलेला असतो. सनद ही चालविणाऱ्याच्या कौशल्याची बक्षिसी नव्हे; ती या सोपविलेल्या विश्वासाची पावती आहे.

हा विश्वास किती जड असतो, हे आपल्या किनाऱ्याने पाहिले आहे. 17 जुलै 1947 रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट वाटेत वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. कोकणातील कितीतरी घरांत त्या वर्षीच्या ऑगस्टचा आनंद सुतकात बुडाला. त्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी, 18 डिसेंबर 2024 रोजी, स्वच्छ दिवसाच्या उजेडात, गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट येऊन आदळली. पंधरा माणसे प्राणाला मुकली. एका प्रसंगी पावसाळी समुद्र होता, दुसऱ्या प्रसंगी शांत पाणी. म्हणजे केवळ हवामान चांगले आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. प्रवाशांची संख्या, प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट, चहूकडे सतत नजर आणि परिस्थितीला साजेसा वेग, या गोष्टी नियमपुस्तकात शुष्क वाटतात. त्यांची किंमत अशा दिवशी कळते.

मग हौशी नाविकाने काय करावे? पहिली गोष्ट, आपल्या प्रत्येक फेरीची नोंद वही ठेवून लिहावी. तारीख, नावेचे नाव व लांबी, कोठून कोठे, किती तास, वारा कोठला, भरती कितीची, सुकाणूवर स्वतः किती वेळ होतो आणि काय चुकले, हे सारे त्यात असावे. शेवटचा रकाना बहुतेक लोक कोरा ठेवतात. वास्तविक शिकण्याजोगे सर्व त्याच रकान्यात असते. दुसरी गोष्ट, पोहणे, प्रथमोपचार, आग विझविणे आणि बिनतारी यंत्रावर बोलणे ही चार कामे आधी शिकावी. संकटकाळची हाक सोळा क्रमांकाच्या वाहिनीवर द्यावयाची असते, हे नावेतील आणखी एकाला तरी ठाऊक असावे; कारण पाण्यात पडणारा माणूस कर्णधारही असू शकतो. तिसरी गोष्ट, स्थानिक तांडेलाजवळ बसावे. रेतीची भाटी पावसाळ्यानंतर कोठे सरकली, मतलई वारा पहाटे केव्हा सुटतो आणि खारा वारा दुपारी केव्हा जोर धरतो, हे त्याला ठाऊक असते. नकाशा छापणाऱ्याला ते कळेपर्यंत ऋतू पालटलेला असतो.

शिकण्यास वयाची वा पूर्वीच्या व्यवसायाची आडकाठी नसते, याचे एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. भारतीय नौदलातील कमांडर दिलीप दोंदे हे शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. 19 ऑगस्ट 2009 रोजी ते मुंबईहून निघाले आणि 19 मे 2010 रोजी परत आले. नौदलात त्यांचे काम पाणबुड्याचे होते. या मोहिमेसाठी त्यांची निवड झाली तेव्हा नावही नव्हती आणि महासागर एकट्याने ओलांडण्याचा अनुभवही नव्हता. त्यांची म्हादेई ही नाव गोव्यात मांडवीच्या काठी बांधली गेली. ती बांधली जात असताना ते तेथेच होते, आणि नंतर तिला घेऊन हजारो मैल सराव करून मगच ते प्रदक्षिणेस निघाले. बाहेरून जे धाडस दिसते त्याच्या पोटात किती तयारी असते, हे यावरून समजते.

कल्याण-डोंबिवलीच्या काठावरून उद्या प्रवासी बोट सुटू लागली, तर गाडीची गर्दी टाळण्यासाठी पुष्कळ कुटुंबे तिच्यात बसतील. बसण्यापूर्वी तिकिटाचा दर विचारतात, त्याबरोबर आणखी दोन गोष्टी पाहून घ्याव्या: बोटीवर किती माणसे नेण्याची परवानगी लिहिली आहे, आणि प्रत्येकापुरती जाकिटे हाताशी आहेत की कुलपात. आणि एखाद्या दिवशी सारंगाने आभाळाकडे पाहून ‘आज बोट सुटणार नाही’ असे सांगितले, तर उशीर झाला म्हणून त्याच्यावर रागावू नये. धक्क्यावर खोळंबलेल्या शंभर माणसांसमोर हे वाक्य उच्चारण्याचे धैर्य कोणत्याही परीक्षेत विचारले जात नाही. परंतु ज्याच्यापाशी ते आहे, त्याच्याच हाती सुकाणू असावे.